बाळाला दवाखान्यात कधी न्यायचं? आजच ठरवून ठेवू या

आम्ही बचत गटाच्या बायका. बैठकीत बचत गोळा झाली, हप्ते झाले, वह्या मिटल्या की आमच्या खऱ्या गप्पा सुरू होतात. पावसाळा लागला की त्या गप्पांत एकच विषय असतो. कुणाच्या पोराला ताप, कुणाच्या पोरीला जुलाब, कुणाच्या नातवाला खोकला. आणि प्रश्नही ठरलेला: "आत्ताच न्यायचं, की सकाळपर्यंत बघायचं?"

या प्रश्नावर आम्ही आशाताई आणि नर्सबाईंना गटात बोलावून दोन बैठका घेतल्या. त्यातून जे पक्कं झालं, ते आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, नुसत्या तापाच्या आकड्यावर जाऊ नका. अंग तापलंय, पण पोर पाणी पितंय, हाक मारली की बघतंय, ताप उतरल्यावर खेळतंय, तर रात्रभर लक्ष ठेवून सकाळी दाखवलं तरी चालतं. उलट ताप फारसा नाही, पण पोर मलूल होऊन पडलंय, तर थांबायचं नाही. पोराचं वागणं जे सांगतं ते आईला सगळ्यात आधी कळतं. "आज हे नेहमीसारखं नाही" असं तुम्हाला वाटलं, तर ते वाटणं वाऱ्यावर सोडू नका.

आता धोक्याच्या चार खुणा. पाच वर्षांच्या आतल्या मुलात यातली एक जरी दिसली तरी लगेच दवाखाना. हाताची चार बोटं धरा आणि आमच्याबरोबर मोजा.

पहिलं बोट: मूल काहीच पीत नाही, अंगावरही ओढत नाही.
दुसरं बोट: जे पोटात जातं ते सगळं उलटून पडतं.
तिसरं बोट: झटके आले, म्हणजे आकडी आली.
चौथं बोट: मूल गुंगीत आहे, हलवलं तरी नीट जागं होत नाही.

आकडी आली तर कांदा हुंगवायचा नाही, चप्पल नाकाला लावायची नाही, तोंडात चमचा किंवा बोट घालायचं नाही. पोराला कुशीवर निजवा, आजूबाजूची टोकदार वस्तू बाजूला करा, तोंडात पाणी किंवा औषध घालू नका. आकडी थांबली तरी दवाखान्यात न्यायचंच.

पाचवं बोट आहे श्वासाचं. आपल्याकडे म्हणतात "पोट उडतंय", कुणी म्हणतं "डबा झाला". हा बहुतेकदा न्यूमोनिया असतो. तो ओळखायला यंत्र लागत नाही. पोर शांत असताना किंवा झोपेत त्याचा झबला वर करा. मोबाईलवर एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, पूर्ण मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर श्वास जलद आहे. त्याच दिवशी दाखवायचं. आणि श्वास घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल कण्हत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर तासाभराचाही विचार नाही, लगेच निघायचं.

हे आपल्याला जमेल का, असं वाटतंय? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या साध्यासुध्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. त्या घरोघर जाऊन बाळ तपासत, श्वास मोजत. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले. हे काम १९९९ साली जगापुढे आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळ बघतात, त्यामागे या बायकांचं काम आहे. त्यांना जमलं, ते आपल्यालाही जमेल.

आता जुलाब. यात धोका असतो अंगातलं पाणी संपण्याचा. डोळे खोल गेलेत का? तोंड कोरडं पडलंय का? सहा-आठ तासांत लघवी झाली नाही का? पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती हळूहळू मागे जाते का? अशा खुणा असतील किंवा शौचात रक्त असेल, तर दवाखाना. नसतील तर पहिल्या जुलाबापासून घरीच क्षारसंजीवनी, म्हणजे ओआरएस सुरू करायचं. पूर्ण पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. अर्धी पुडी तांब्यात असला हिशेब नको. केलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलं तर टाकून द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने परत पाजा. अंगावरचं दूध, पेज, वरणाचं पाणी बंद करू नका. झिंकच्या गोळ्या आशाताई देतात, त्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करायच्या.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचं मात्र सगळंच वेगळं. तिथे "बघू उद्या" हा शब्दच नाही. ताप आला, अंग गार पडलं, दूध ओढायचं कमी झालं, हालचाल मंदावली, तळहात-तळपाय पिवळे दिसले, बेंबीतून पू आला, यातलं काहीही झालं तरी लगेच न्यायचं. वाटेत बाळाला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वरून पांघरूण घालून न्या. पोटावर चटके द्यायचे नाहीत. चटक्याने आजार जात नाही, कोवळ्या जिवाला जखम होते आणि वेळ जातो. सासूबाईंना दृष्ट काढायची असेल तर त्यांच्याशी वाद घालू नका. गाडीला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत काढू द्या.

पावसाळ्यात डेंग्यू असतो. ताप उतरला, पण पोर मलूल आहे, हातपाय गार आहेत, पोट खूप दुखतंय, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, तर ताप गेला म्हणून निश्चिंत होऊ नका. तीच धोक्याची वेळ असते.

मैत्रिणींनो, खुणा पाठ झाल्या तरी पाय घरातून निघत नाही. का? बैठकीत आम्ही प्रत्येकीला विचारलं. उत्तरं अशी आली: मालक कामावर होते. सासूबाई म्हणाल्या, सकाळी बघू. हातात पैसे नव्हते. रात्री गाडी कोण देणार? धाकट्याला कुणाजवळ ठेवू? आणि एक उत्तर हळू आवाजात आलं: मुलगी होती, म्हणून कुणी घाई केली नाही. श्वासाला मुलगा-मुलगी कळत नाही, बायांनो. मोजायचा तोही तसाच आणि न्यायचंही तेवढ्याच घाईने.

डॉक्टरकडे पोचल्यावरचा वेळ आपल्या हातात नाही. घरातला वेळ आहे. म्हणून निर्णय आजारपणात घ्यायचाच नाही, तो आज घेऊन ठेवायचा. आमच्या गटाने ठराव केला आणि वहीत लिहिला. हातशिल्लकीतले दोन हजार रुपये एका ताईकडे वेगळे ठेवायचे. पोर आजारी पडलं तर रात्री बारालाही ते द्यायचे. पैसे आधी, सही नंतर. कर्ज मंजुरीसाठी बैठकीची वाट बघायची नाही. प्रत्येक वस्तीवर दोघी ठरवल्या. एक सोबत जाईल, दुसरी घरच्या पोरांना सांभाळेल. दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहेच, ते असं वापरायचं.

आणि प्रत्येकीने घरात, सगळं बरं असताना, जेवणाच्या वेळी ही गोष्ट काढली: "या पाच बोटांपैकी एक जरी दिसलं तर मी विचारायला थांबणार नाही, निघेन आणि वाटेतून फोन करेन. चालेल ना?" शांत वेळी विचारलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही. एकदा हो म्हटलं की अडचणीच्या रात्री भांडावं लागत नाही. एका ताईच्या सासूबाई तर म्हणाल्या, "मला बोलवायला थांबू नकोस, मीच पिशवी भरते."

त्या पिशवीत काय असावं? बाळाचं माता-बाल संरक्षण कार्ड, आधी दिलेली औषधं, एक दुपटं, पाण्याची बाटली, मोबाईलचा चार्जर. डॉक्टर विचारतील ते आठवून ठेवा: कधीपासून आजारी, शेवटचं दूध कधी प्यायलं, लघवी कधी झाली, कुठलं औषध दिलं. गाडीसाठी १०८ फिरवा. ही रुग्णवाहिका फुकट आहे, दिवसरात्र आहे. फोनवर गावाचं नाव, वस्ती आणि जवळची खूण सांगा, शाळा, देऊळ, पाण्याची टाकी. एकीने टॉर्च घेऊन फाट्यावर उभं राहा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर गावातली जी गाडी मिळेल ती घ्या. त्या गाडीवाल्याचा नंबर आजच भिंतीवर लिहा.

चला, हात वर करा, परत मोजू. पीत नाही. सगळं उलटतं. झटके आले. जागं होत नाही. श्वास जलद, पोट उडतंय. एक जरी बोट लागू झालं, तर निघायचं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले "काही नाही, घरी न्या", तर हसत परत या. ती फेरी वाया गेली नाही.

पुढच्या बैठकीत तुमच्याही गटाने हा ठराव लिहा. येतो आम्ही. काळजी घ्या.