रसायनशास्त्राची गोडी लागलेल्या मुलांना काय वाचायला द्यावं?



शाळेची फी, वह्या, क्लास यांसाठी गटातून कर्ज मागायला बऱ्याच जणी येतात. मागच्या बैठकीत एका ताईंनी मात्र वेगळंच विचारलं. त्यांची मुलगी नववीत आहे. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल का होतो, लिंबू पिळल्यावर दूध का फाटतं, असं ती सारखं विचारते. ताई म्हणाल्या, "मी सातवी शिकलेली. हिला शाळेच्या पुस्तकाबाहेरचं काय वाचायला देऊ? दुकानदार तर गाईडच पुढे करतो."

गाईडमध्ये परीक्षेची तयार उत्तरं असतात. पण 'असं का होतं?' ही मुलीची भूक त्यानं भागत नाही.

इंग्लंडमधल्या मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाचंच बघा. वडील लोहार, घरची गरिबी. चौदाव्या वर्षी तो पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानात काम शिकायला लागला आणि बांधणीला आलेली पुस्तकं वाचू लागला. त्यातलं एक होतं जेन मार्सेट या बाईंचं, १८०६ च्या सुमारास निघालेलं. एक शिक्षिका आणि दोन मुली रसायनशास्त्रावर बोलतात, मुली शंका विचारतात, प्रयोग होतात, असं ते पुस्तक. सुरुवातीला तर त्यावर बाईंचं नावही छापलेलं नव्हतं. या पुस्तकानं आपल्याला रसायनशास्त्राकडे वळवलं, असं फॅरडे पुढे सांगत असे. त्यानं स्वतःही १८६० च्या नाताळच्या सुट्टीत मुलांपुढे नुसत्या एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली.

चांगल्या पुस्तकाची खूण यातच आहे. साध्या वस्तूपासून सुरुवात, मुलांच्या मनातल्या शंका आणि हातानं करून बघण्याजोगं काहीतरी.

आता अशी पुस्तकं मिळवायची कुठून?

पहिलं, बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. मराठी माध्यमाचं आणि इंग्रजी माध्यमाचं विज्ञानाचं पुस्तक, दोन्ही मोबाईलवर उतरवून घ्या. धडे तेच असतात. अकरावीला विज्ञान शाखेत बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून शिकवतात. आम्लाचं ॲसिड होतं, संयुगाचं कंपाउंड होतं आणि हुशार मुलगीसुद्धा बावरते. 'मला जमत नाही' म्हणून शाखा बदलते. खरं तर विषय तिला येत असतो, फक्त शब्द नवे असतात. आठवी-नववीपासून एकच धडा दोन्ही भाषांत वाचला, तर ही भीती आधीच कमी होते.

दुसरं, मराठी विश्वकोश. तोही इंटरनेटवर मोफत वाचता येतो. मीठ, साबण, गंधक, तांबं, कशावरही माहिती शोधता येते. भाषा जरा जड आहे, म्हणून रोज एकच नोंद वाचावी.

तिसरं, अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ. तिथं मराठी, हिंदी, इंग्रजीतली विज्ञानाची पुष्कळ पुस्तकं विनामूल्य आहेत. आणि मुंबईची मराठी विज्ञान परिषद मासिक पत्रिका काढते. गावच्या वाचनालयात ग्रंथपालांना विचारा. नसेल तर मागवायला सांगा. पाच जणींनी मिळून मागणी केली तर तिचं वजन पडतं.

पुस्तक चांगलं की नाही, हे आपल्याला कसं कळणार? सोपं आहे. मुलीला एक पान वाचायला सांगा. मग पुस्तक मिटून 'काय वाचलंस ते मला सांग' म्हणा. तिनं स्वतःच्या शब्दांत सांगितलं आणि तुम्हालाही थोडं समजलं, तर पुस्तक घरात ठेवण्यासारखं आहे. नुसते शब्द पाठ म्हणून दाखवले, तर ते अजून तिच्यासाठी नाही.

वाचलं की करून बघावंसं वाटणारच. हळदीच्या पाण्यात साबणाचं पाणी घाला, लाल होईल. लिंबू पिळलं की परत पिवळं. साबण आम्लारिधर्मी, लिंबू आम्लधर्मी, म्हणून हा रंग बदलतो. असे प्रयोग खुशाल करू द्या. मात्र संडास धुवायचं ॲसिड, ब्लीचिंग पावडर आणि शेतीची औषधं यांना हात लावू द्यायचा नाही. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन हा विषारी वायू निघतो. विस्तवाचा प्रयोग मोठ्या माणसासमोरच.

शेवटी गटासाठी एक सुचवते. दर महिन्याला बचतीबरोबर थोडे पैसे पुस्तकासाठी वेगळे काढा. एक पुस्तक घ्या, वहीत नोंद करा आणि ते घरोघरी फिरवा. कर्जाची वही आपण चोख ठेवतोच, मग पुस्तकाची का नाही? ज्या घरी पुस्तक जाईल, त्या घरच्या मुलीनं किंवा मुलानं पुढच्या बैठकीत पाच मिनिटं त्याबद्दल सांगायचं. ऐकताना आपल्यालाही कळेल, की चुलीवर, मोरीत आणि शेतात आपण रोज जे करतो, त्यात किती रसायनशास्त्र आहे.