बातमी येईपर्यंत
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



सैन्यदलांत गेलेल्या आपल्या वर्गमित्रांचा आज सत्कार झाला. मी बोलणार आहे ते त्यांच्या घरच्यांबद्दल. नौदल अधिकाऱ्याची बायको म्हणून तेवढा हक्क मला आहे, असं समजते.

३ डिसेंबर १९७१ ला युद्ध सुरू झालं. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'ने आपली 'खुखरी' बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. हे आपण वाचलेलं असतं. पण त्या दिवसांत घरी काय चाललं असेल?

मुंबईत ब्लॅकआउट होता. खिडक्यांना काळे कागद, गाड्यांचे दिवे अर्धे रंगवलेले. मोबाइल नव्हते. बातमी येणार ती आकाशवाणीवरून, नाहीतर दारावरच्या बेलमधून.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमचा सर्व्हर दोन मिनिटं गप्प झाला की धोक्याची सूचना येते. युद्धातलं जहाज मात्र ठिकाण कळू नये म्हणून मुद्दामच गप्प राहतं. म्हणजे सगळं ठीक असेल तरी शांतता आणि जहाज गेलं असेल तरी शांतताच. घरातल्या बाईनं त्यातून काय समजायचं?

त्यात अधिकाऱ्याच्या बायकोला आणखी एक काम असतं. जहाज बाहेर असताना नौसैनिकांच्या घरांची विचारपूस करायची, हा नौदलातला जुना रिवाज. कुणी बाळंतीण, कुणाचं मूल आजारी, कुणी नुकतीच गावाहून आलेली. "ताई, काही कळलं का हो?" असं त्या विचारणार. आपल्यालाही काही ठाऊक नसतं. खोटं सांगायचं नाही आणि घाबरवायचंही नाही. मला यातलं हेच सगळ्यात अवघड वाटतं.

म्हणून एक विनंती. आपल्या ओळखीत असं घर असेल तर तिथे जा. "काही बातमी?" एवढं मात्र विचारू नका. जेवणाचा डबा न्या, मुलांचा अभ्यास घ्या, थोडा वेळ बसा. बातमी आल्यावर माणसं जमतातच; ती येईपर्यंत बसणारी माणसं थोडी असतात.