परभाषेचे भय



शंभर वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या या ग्रंथमंदिरात चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मराठी ग्रंथांच्या सान्निध्यात उभा राहून मी परभाषेविषयी बोलणार, याचे कोणास नवल वाटेल. परंतु पोटापाण्यासाठी दुसऱ्याची भाषा बोलताना मनात जी धाकधूक होते, तिची बालाघाटच्या मराठी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ओळख आहे.

थोडा इतिहास आठवू. १८६७ साली हा जिल्हा निर्माण झाला. जुन्या मध्यप्रांताची राजधानी नागपूर. १९५० च्या कायद्याने या प्रांतात हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा ठरल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिले. राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला. १९५७ च्या राजभाषा कायद्यानंतर राज्यकारभार हिंदीचा झाला. कचेरीत माणसे तीच, खुर्च्याही त्याच. भाषा मात्र बदलली.

हिंदी काही परदेशी नव्हे, लिपीसुद्धा एकच. पण जवळच्या भाषेतच पाय अधिक घसरतो. आपल्याकडे ‘राजीनामा’ म्हणजे नोकरी सोडणे. हिंदी न्यायालयात तोच शब्द उभय पक्षांच्या तडजोडीसाठी येतो. आपली ‘शिक्षा’ तुरुंगात होते, हिंदीतील ‘शिक्षा’ शाळेत मिळते. आपला आवाज पुल्लिंगी, त्यांची आवाज स्त्रीलिंगी. ‘मी केले’ म्हणणाऱ्याच्या तोंडून ‘मैं किया’ सहज निघते. ऐकणारा हसतो आणि विसरतो. बोलणारा मात्र पुढच्या बैठकीत गप्प बसतो.

आज हिंदीची जागा पुष्कळ ठिकाणी इंग्रजीने घेतली आहे. भरवेलीची मँगनीज खाण असो, मलाजखंडचा तांब्याचा प्रकल्प असो, की पुण्या-हैदराबादची संगणक कंपनी. आपला तरुण कामात कोठेही उणा पडत नाही. वरिष्ठांसमोर इंग्रजीत बोलायची वेळ आली, की त्याची जीभ अडखळते. ठाऊक असलेले उत्तर दुसराच देतो, आणि याच्या मौनाचा अर्थ अज्ञान असा लावला जातो. बढतीच्या यादीत त्याचे नाव का नाही, याचे कारण पुष्कळदा येथेच असते.

या भीतीचा शास्त्रीय अभ्यासही झाला आहे. १९८६ साली अमेरिकेतील एलेन हॉर्विट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मोजण्यासाठी तेहतीस विधानांची प्रश्नावली तयार केली. लोक आपल्याला कमी लेखतील, ही शंका त्यांना या भीतीच्या मुळाशी आढळली. पुढे २००२ साली टॅमी ग्रेगरसन यांच्यासह त्यांनी विद्यार्थ्यांना स्वतःच्याच संभाषणाचे चित्रण दाखवले. भित्र्या विद्यार्थ्यांना त्यात आपल्या चुकाच ठळक दिसल्या. निर्धास्त विद्यार्थ्यांना जमलेल्या गोष्टींचा आनंद झाला.

आपला अनुभव याहून वेगळा नाही. आठवडी बाजारात हाच माणूस पोवारीत भाव करतो, मोडक्यातोडक्या गोंडीत चौकशी करतो आणि जराही कचरत नाही. कारण तेथे त्याला गुण देणारे कोणी नसते. तेव्हा भय भाषेचे नाही, तोलले जाण्याचे आहे.

या भयाची खरी किंमत घरात मोजावी लागते. मुलाला आपल्यासारखे हसे सोसावे लागू नये, म्हणून आईबाप त्याच्याशी मराठी बोलणेच सोडतात. कचेरीतील एका हसण्याने घरातली एक भाषा जाते, आणि या ग्रंथालयाचा एक भावी वाचकही जातो.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. आठवड्यातून एका संध्याकाळी वाचनकक्षात संभाषणाची बैठक भरवावी. कधी हिंदीत, कधी इंग्रजीत. बोलणाऱ्याचे संपेपर्यंत कोणी दुरुस्ती करू नये, आणि हसू तर मुळीच नये. निवृत्त शिक्षकांनी व अधिकाऱ्यांनी तेथे नवशिक्यांशेजारी बसावे. ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात, त्यांनी बैठकीचा विषय आदल्या दिवशी कळवावा. दोन वाक्ये मनात जुळवून आलेला माणूस तिसरे आपोआप बोलतो.

मराठी ग्रंथालयाने हा उद्योग का करावा, असे कोणी विचारील. मराठी घरातून नाहीशी होते ती बहुधा भीतीपोटी. ती भीती येथे ओसरली, तर मुलाशी निःशंकपणे मराठी बोलणारे आईबाप याच दारातून बाहेर पडतील. ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकाला याहून चांगला आरंभ मला सुचत नाही.