फाटलेल्या पडद्याचे सांधकाम



भोर-वेल्ह्याच्या अनेक घरांत कान वाहू लागला की कोमट तेल सोडतात. पडद्यास छिद्र असेल, तर ते तेल थेट मध्यकर्णात उतरते व व्याधी बळावते.

हा पडदा जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीचा. लहान छिद्र बहुधा आपोआप भरते. न भरल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. १९५० च्या दशकात जर्मनीतील वुलस्टाइन व झोल्नर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हे शास्त्र उभे केले. त्यांनी आरंभी त्वचा वापरली. पुढे कानशिलाच्या स्नायूवरील पातळ आवरण रूढ झाले. छिद्राच्या कडा ताज्या करून ते आतून टेकवतात. त्याच्या आधाराने पडदा सांधला जातो. मोठ्या अथवा पुन्हा फाटलेल्या पडद्यास कानाचीच कूर्चा लावतात.

ठिगळ रुग्णाच्याच देहात असते. पुण्याचे ससून रुग्णालयही दूर नाही. तोवर कान कोरडा ठेवावा, तेल वर्ज्य करावे.