ढिगाऱ्याजवळची शांतता



२४ ऑगस्ट २०२०. महाडमधली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत संध्याकाळी कोसळली. सोळा माणसं गेली. दुसऱ्या दिवशी, एकोणीस तासांनी, चार वर्षांचा एक मुलगा जिवंत निघाला, आणि त्याच्यानंतर साठीतली एक बाई. व्हिडिओ आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केले. पण त्या मुलापर्यंत पोचायला काय काय लागलं, हे फारसं कुणी विचारलं नाही.

अग्निशमन हे आपल्याकडे नगरपालिकेचं काम. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतच ते लिहिलंय. म्हणजे मुंबईचं दल वेगळं, महाडचं वेगळं, आणि ज्याची तिजोरी जेवढी, त्याचा बंब तेवढा. छोट्या गावाकडे पाणी असतं, शिडी असते. काँक्रीट कापायचं यंत्र, फटीतून आत सोडायचा कॅमेरा, वास घेणारा कुत्रा कुठून असणार? प्रत्येक गावाला ते परवडणारही नाही. म्हणून शेजाऱ्याचं सामान शेजाऱ्याच्या कामी यावं, ही व्यवस्था लागते. एमआयडीसीतल्या कारखान्यांनी ती केलीय. तिथे परस्पर मदत गट असतात, 'मार्ग' म्हणतात त्यांना. एका कारखान्यात आग लागली की दुसऱ्याचा फोम, दुसऱ्याची माणसं धावतात. कुणाकडे काय आहे, फोन कुणी करायचा, हे आधीच ठरलेलं असतं.

महाडला एनडीआरएफची पथकं आली ती पुणे जिल्ह्यातल्या पाचव्या बटालियनची. मध्ये सह्याद्री, ऑगस्टचा पाऊस, घाटातली रात्र. कितीही वेगाने निघा, तास जातातच. त्या तासांत ढिगाऱ्यावर असतात गावातली माणसं. महाडमध्येही होती, हिंदू-मुसलमान दोन्ही. त्याच वर्षी करोनाच्या नावाने आपल्याकडे बोटं दाखवली गेली होती, हेही आठवा.

आता थोडं कडू बोलतो, रागावू नका. धावून जाण्यात आपली पोरं कधीच मागे नसतात. पण शिकून जातात का? प्रशिक्षणात मला पहिली गोष्ट शिकवली ती गप्प बसण्याची. सगळी यंत्रं बंद करायची, गर्दी मागे हटवायची, एकाने हाक मारायची, ठोकायचं, आणि बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं. आतून कण्हणं किंवा टकटक येते का? आपण तिथे ओरडत असतो, मोबाइल धरून ढिगाऱ्यावर चढतो. खाली पोकळीत कुणी श्वास घेत असेल, तर आपल्याच वजनाने ती पोकळी बसू शकते. नियत साफ असून माणूस मारता येतो.

दुसरं, आपण दफनाचा, जेवणाचा, चादरींचा बंदोबस्त उत्तम करतो. मदरशाच्या वरच्या मजल्यावर मुलं झोपतात, तिथला दुसरा जिना मोकळा आहे का, हे जमातच्या बैठकीत कुणी विचारलेलं मी अजून ऐकलेलं नाही. बेकायदा मजला चढवणारा ओळखीचा असला की आपण मान खाली घालतो.

'आपदा मित्र' नावाची सरकारी योजना आहे. अठरा ते चाळीस वय, बारा दिवसांचं प्रशिक्षण. चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात करायची. मुलींनीही जायचंय. ढिगाऱ्यातली बाई परक्या पुरुषाच्या हाकेपेक्षा बाईच्या हाकेला लवकर ओ देईल, असं मला वाटतं.

दाराशी वही ठेवलीय. नाव, वय, रक्तगट, पोहता येतं की नाही एवढंच लिहा. सोमवारी अर्ज घेऊन आपण एकत्र जाऊ.