हत्यारही आमचं, आराखडाही आमचा

(बंगळुरूच्या शिवाजीनगरमध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसोबत काम करणाऱ्या शिक्षक आणि कार्यकर्त्यांपुढे अभियंता दिनी, १५ सप्टेंबरला केलेल्या भाषणाचा मजकूर. मूळ भाषण दखनीत आणि माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये झालं. मराठी मजकूर मीच तयार केला आहे.)



आज अभियंता दिन. शहरभर विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घातले गेले असतील. इथून जवळच, कस्तुरबा रोडवर, त्यांच्या नावाचं विज्ञान संग्रहालय आहे. आपल्या वर्गातली मुलं ते पाहून आली आणि खूश झाली. विश्वेश्वरय्यांच्या कामाचं मोल मला कमी करायचं नाही. पण १९१८ साली त्यांनी म्हैसूरचं दिवाणपद सोडलं, त्यामागे ब्राह्मणेतरांना सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा देण्यावरून महाराजांशी झालेले मतभेद होते, ही गोष्ट आजच्या दिवशीच्या भाषणांत सहसा येत नाही. आराखडा कोणी काढायचा आणि पाट्या कोणी वाहायच्या, हा प्रश्न या शहरात शंभर वर्षं जुना आहे. आपला शनिवारचा वर्ग त्याच प्रश्नात उभा आहे, म्हणून आज बोलायचं.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी नांदेडची. वडील गवंडी. घराचा पाया आखताना ते दोरीनं एका बाजूला तीन फूट मोजतात, दुसऱ्या बाजूला चार, आणि तिरकं माप बरोबर पाच आलं की म्हणतात, "गुण्यात बसलं." शाळेत मला पायथागोरसचा सिद्धांत शिकवला गेला. तो मी पाठ केला, मार्कही मिळवले. पण वडील रोज जे करतात ते हेच, हे मला कोणीच सांगितलं नाही. मला ते कळलं एम.ए.ला असताना, तेही समाजशास्त्राच्या!

त्याच शाळेत प्रयोगाचं एक काचेचं कपाट होतं. त्यात भिंगं, लोलक आणि एक सूक्ष्मदर्शक होता. शनिवारी त्या कपाटाची काच पुसायचं काम आम्हा तीन-चार मुलींकडे असायचं. आम्ही कोणत्या वस्तीतून येतो हे सरांना माहीत होतं. पाहुणे आले की कपाट उघडायचं आणि भिंग हातात मिळायचं ते दुसऱ्याच मुलांना. काच आम्ही पुसायची, भिंग त्यांनी धरायचं. जात वर्गात कशी शिकवली जाते याची व्याख्या मी पुढे पुस्तकांत पुष्कळ वाचली, पण मला ती त्या कपाटानं आधीच शिकवली होती.

म्हणून गेल्या जूनमध्ये इथं वर्ग सुरू करताना मी ठरवलं होतं की कपाटच नको. सगळं सामान जमिनीवर मांडायचं, आणि जे काही करायचं ते मुलांनी हातानं करायचं.

पहिला मोठा धडा मोटरचा होता. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेची गुंडाळी. तारेची दोन टोकं पिनांच्या छिद्रांत अडकवायची. एका टोकावरचं इनॅमल पूर्ण खरवडायचं, दुसऱ्या टोकावरचं फक्त अर्ध्या बाजूचं. माझी मोटर फिरेना. मागे बसलेला सातवीतला एक मुलगा पुढे आला, ब्लेड घेतलं, अर्धी बाजू नीट साफ केली आणि गुंडाळीला बोटानं हलका धक्का दिला. मोटर भिरभिरली.

मी विचारलं, "अर्धीच का? पूर्ण खरवडली तर?"

तो म्हणाला, "पूरा छीले तो आगे-पीछे हिलते बैठता, घूमता नै."

उत्तर अगदी बरोबर होतं. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर गुंडाळीला अर्ध्या फेऱ्यात पुढे ढकलणारं बल उरलेल्या अर्ध्यात उलटं ढकलतं. अर्धं इनॅमल ठेवलं की तेवढ्या वेळापुरता प्रवाह तुटतो आणि गुंडाळी आपल्याच वेगानं फेरा पूर्ण करते. मोठ्या मोटरमध्ये प्रवाहाची दिशा बदलत राहण्याचं काम कम्युटेटर करतो. तो शब्द त्याला माहीत नव्हता, बाकी सगळं माहीत होतं. शाळेत हाच मुलगा विज्ञानात कच्चा म्हणून नोंदलेला.

मी हरखून गेले. आणि त्याच उत्साहात चूक केली. सगळ्यांसमोर विचारलं, "तुझे अब्बा काय करतात?"

तो गप्प झाला. दुसऱ्याच कोणीतरी ओरडलं, "गुजरी!" आणि वर्ग हसला. जुन्या गाड्या सोडवून सुटे भाग विकणारी शिवाजीनगरची गुजरी तुम्हाला माहीतच आहे. पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या आठवड्यात मी दुकानावर गेले. त्याच्या वडिलांनी हात पुसले, मला बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. मी त्यांच्या मुलाचं कौतुक केलं. म्हटलं, त्याला इथंच इतकं शिकायला मिळालंय, वर्गात आम्ही तेच पुढे नेऊ. ते ऐकून घेत होते. मग शांतपणे म्हणाले, "नक्को मॅडम. ये सब उसकू मालूम है. मालूम नै सो सिखाओ."

मित्रांनो, हाताच्या शिक्षणावरची यापेक्षा नेमकी टीका मी कोणत्याही प्रबंधात वाचलेली नाही.

या वस्तीतल्या तमिळ बुजुर्गांना १९५३ सालचं मद्रास आठवत असेल. राजाजींनी प्राथमिक शाळेची वेळ कमी केली आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. ऐकायला किती छान, श्रमाची प्रतिष्ठा! पण न्हाव्याच्या पोरानं वस्तरा धरायचा, चांभाराच्या पोरानं आरी, आणि वकिलाच्या पोरानं काय? पेरियार आणि द्रविड चळवळीनं त्याला कुलकल्वी, म्हणजे कुळाचं शिक्षण, असं नाव देऊन रान उठवलं. १९५४ मध्ये राजाजींना पायउतार व्हावं लागलं आणि कामराजांनी ती योजना गुंडाळली. आज राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. त्यात मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकावं असं म्हटलं आहे. कल्पना वाईट नाही. पण कोणाचं मूल कोणाकडे जाणार, आणि तो सुतार शाळेत ‘सर’ म्हणून बसणार की पायरीवर, हे आपण विचारलंच पाहिजे. मी त्या मुलाला वडिलांचा धंदा विचारला, तेव्हा नकळत मीही माझी एक छोटी कुलकल्वीच चालवत होते.

मग हाताचं शिक्षण नकोच का? तसं नाही. जोतिराव फुले स्वतः बांधकामाची कंत्राटं घेणारे होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी बारा वर्षांपर्यंतचं सक्तीचं शिक्षण मागितलं आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत असं सांगितलं. गरज पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला ज्याला लाज वाटत नाही, असा शिक्षक त्यांना हवा होता. फरक लक्षात घ्या. वाकस धरायला जोतिराव शिक्षकाला सांगत होते. सुताराच्या पोराला सुतारकीत बसवा, असं ते म्हणत नव्हते.

बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिलं की जात ही फक्त कामांची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे. आणि १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात असताना त्यांनी सरकारपुढे जे निवेदन ठेवलं, त्यात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणासाठी पैसे मागितले, आणि सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीही मागितली. प्रयोगशाळा आणि कारखाना, दोन्ही एकाच कागदावर होते.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी सहावीच्या मुलांसोबत पिशवी, पवनचक्कीची प्रतिकृती, कळसूत्री बाहुल्या असे धडे केले. त्यातही मराठी माध्यमाची मुलं होती. या धड्यांत वस्तू बनवण्याआधी मूल अडचण समजून घेतं, चित्र काढतं, मापं टाकतं, मग बनवतं आणि शेवटी तपासतं. आपल्या पोरांना बनवायला कोणीच अडवलेलं नाही, ते तर त्यांच्याकडून पिढ्यानपिढ्या करून घेतलं गेलं. त्यांना रोखलं गेलं ते ठरवण्यापासून, चित्र काढण्यापासून, ‘हे असंच का?’ असं विचारण्यापासून.

म्हणून आम्ही वर्ग बदलला. तीन नियम केले. घरचा धंदा कोणालाही विचारायचा नाही. कोणत्या गटाला कोणती अडचण मिळेल ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. आणि पहिला आठवडा हत्यार उचलायचं नाही, फक्त मोजायचं आणि चित्र काढायचं. तो मुलगा परत आला. त्याच्या चिठ्ठीत पाणी गाळण्याचं काम निघालं. मोटरच्या पुढच्या धड्याला त्याचे वडील आले. त्यांना पाहुण्या व्याख्यात्याचं मानधन दिलं, आणि सगळ्या मुलांनी त्यांना ‘उस्ताद’ म्हटलं. मुलगा दुसऱ्या गटात बसून ऐकत होता.

एका गटाच्या वाट्याला पौरकार्मिकांची कचरा ढकलायची गाडी आली. मुलांनी सकाळी सहाला रसेल मार्केटजवळ जाऊन तीन बायांच्या कोपराची उंची मोजली आणि गाडीच्या दांड्याचीही. दांडा तिघींनाही खाली पडत होता, म्हणून कंबर वाकत होती. पुठ्ठ्याची पहिली प्रतिकृती भरल्यावर मागे कलंडली. मग चाकं वजनाच्या जवळ आणली, आणि दांड्यावर हाताला येणारा भार कमी झाला. तरफेचा धडा तिथंच झाला.

प्रतिकृती मांडली त्या दिवशी त्या गटातल्या एका मुलीनं विचारलं, "दीदी, गाडी चांगली झाली तरी ढकलणार आमचीच माणसं ना?"

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. फळ्यावर तिचा प्रश्न लिहिला आणि त्याच्याखाली मुलांना चर्चा करायला लावली. तो प्रश्न आजही आमच्या भिंतीवर आहे. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवण्यावर कायद्यानं बंदी आहे, तरी माणसं मरतात. यंत्र बनवता येत नाही म्हणून ती मरत नाहीत. कोणाचा जीव स्वस्त आहे हे आधीच ठरलेलं आहे, म्हणून मरतात. आराखडा कोणासाठी काढायचा, हा प्रश्न विज्ञानाच्या तासातून बाहेर काढला तर उरते ती नुसती हस्तकला.

शेवटचा मुद्दा सामानाचा. टाकाऊतून खेळणी करायला अरविंद गुप्तांनी देशभरच्या मुलांना शिकवलं. आमची मोटरही त्याच वाटेनं आली, त्यांचे ऋण आहेत. पण एक सवय मला खुपते. आपल्या पोरांचं विज्ञान म्हटलं की कचरा आणि भंगार, आणि मोठ्या शाळांचं म्हटलं की थ्रीडी प्रिंटर. अटल टिंकरिंग लॅबसाठी २०१६ पासून एका शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान दिलं गेलं, आणि ते खासगी शाळांनाही मिळालं. आपल्या आजूबाजूच्या सरकारी कन्नड, उर्दू, तमिळ शाळांनी अर्ज केलाय का, केला असेल तर पुढे काय झालं, लॅब आली असेल तर तिचं कुलूप कोणाकडे आहे, हे पुढच्या महिन्यात आपण प्रत्येकानं एकेका शाळेत जाऊन विचारायचं आहे. यादी दारापाशी ठेवली आहे, जाताना नाव लिहा.

गुजरीतल्या उस्तादांनी मला एका वाक्यात अभ्यासक्रम दिला: मालूम नै सो सिखाओ. आपल्या मुलांना काय येतं ते आधी ओळखू. आणि मग त्यांच्यापासून जे आजवर कुलपात ठेवलं गेलं, तेच शिकवू.

जय भीम! जय जोती, जय सावित्री, जय फातिमा!