शिळे ढग

श्रोतेहो, सीनाकाठी कांदा काढून वावरात पडला आहे आणि आभाळ भरून येते आहे. आपण मोबाइलवर हवामान खात्याचे उपग्रहचित्र उघडता. मोहोळवर ढग दिसत नाहीत. आपण निर्धास्त झोपता, अन् रात्री कांदा भिजतो! दोष उपग्रहाचा नव्हे. २०१६ साली सोडलेला इन्सॅट-३डीआर आणि २०२४ सालचा इन्सॅट-३डीएस साधारण दर अर्ध्या तासाने नवे चित्र टिपतात. आपण पाहिले ते कालचे.

हे कसे घडते? संकेतस्थळाच्या पानात चित्र नसतेच. त्याचा पत्ता तेवढा असतो. अक्षरे आधी येतात, चित्र निराळे मागवावे लागते. पत्ता चुकला, फाइल हलवली किंवा रेंज गेली, की चौकट रिकामी राहते.

याउलट, एकदा आलेले चित्र मोबाइल स्वतःजवळ ठेवून घेतो. या साठ्याला ‘कॅश’ म्हणतात. रोकडीशी त्याचा संबंध नाही. त्याने वेळ व डेटा वाचतो. पण तिकडे जुन्याच नावाने नवे चित्र ठेवले, तर मोबाइल म्हणतो, ‘हे तर घरातच आहे!’ आणि जुनेच पुढे करतो.

मग करावे काय? पान पुन्हा लोड करावे. तरीही चित्र बदलले नाही, तर ब्राउझरमधला साठा पुसावा. मुख्य म्हणजे चित्रावरची तारीख-वेळ वाचावी; ‘जी.एम.टी.’ लिहिले असेल, तर साडेपाच तास मिळवावेत. शिक्षकांनी एवढे वर्गात करून दाखवले, तर मुलेच घरी सांगतील, ‘आबा, आधी तारीख बघा.’